बिनहोडीचा समुद्र

आमच्या गावाला समुद्र नाही. गाव पठारावर, थंडी अशी की एप्रिल उजाडला तरी अंगावरचा कोट काढवत नाही, आणि सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरातला हौद. तरी आमच्या कबरस्तानात जाऊन बघा. आमच्या या आर्मेनियन गावाचे, लेनिनाकानचे, निम्मे मेलेले समुद्राच्या काठी उभे आहेत. काळ्या गुळगुळीत दगडावर कोरलेली माणसं. कोणी सुटात, कोणी फौजी टोपीत, कोणी नवरीच्या झग्यात, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे लाटा. परगावचे लोक विचारतात, हे सगळे बुडून गेले का? नाही हो. यांच्या अंगावर घरं पडली. समुद्र आमच्या ओन्निक उस्तादांचा आहे.

मी हायकुश. चौकातल्या फोटो स्टुडिओत मी जन्मभर नेगेटिव्ह दुरुस्त केल्या. म्हणजे बारीक टोकाच्या पेन्सिलीने लोकांच्या गालांवरचे मस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि सासवांच्या जादा हनुवट्या नाहीशा केल्या. माझ्या पेन्सिलीच्या जोरावर गावातल्या किती मुली उजवल्या ते सांगत नाही, त्यांचे नवरे अजून जिवंत आहेत. उस्ताद त्याच स्टुडिओत मागचे पडदे रंगवायचे. मोठे चित्रकार राजधानीत, येरेवानला असतात, त्यांची चित्रं संग्रहालयात लागतात, उद्घाटनाला फीत कापतात. उस्तादांच्या चित्रासमोर अख्खं गाव नटूनथटून उभं राहिलं आणि त्या चित्राकडे पाठ करून हसलं. पडद्याच्या रंगाऱ्याच्या नशिबी एवढंच.

त्यांचा समुद्र राखाडी होता. तेव्हा फोटो काळेपांढरे निघत, पडद्याला निळा रंग कोण लावणार? सरस पातळ करायचा, त्यात खडूची पूड आणि काजळी कालवायची, आणि मोठ्या ब्रशने आधी लांबवरची रेघ ओढायची, जिथे पाणी संपतं आणि आभाळ सुरू होतं ती. या रेघेपायी उस्ताद भांडायला उठत. गिऱ्हाईक पडद्यासमोर उभं राहिलं की पाणी त्याच्या कमरेच्या वर दिसता कामा नये, हा त्यांचा नियम. बुटक्या माणसांसाठी आणि पोरांसाठी त्यांनी लाकडी पेट्या करून घेतल्या होत्या. पोर पेटीवर चढलं की ते लांबून एक डोळा मिटून बघत, अजून एक फळी सरकवत, आणि मग म्हणत, आता काढा. तोवर पोराने भोकाड पसरलेलं असे आणि त्याच्या आईने दोनदा पावडर लावलेली असे.

दुसरा नियम होडीचा. समुद्रात होडी काढायची नाही. खडक काढत, पाखरं काढत, ढग तर असे काढत की बायका छत्री आणली नाही म्हणून हळहळत. पण होडी नाही, जहाज नाही, लांबवर एखादं शीडसुद्धा नाही.

आमचा व्यवस्थापक सेनेकेरिम, फोटोही तोच काढी, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो रोज टोमणे मारी. समुद्रात होडी नाही तर तो समुद्र कसला, म्हणे, भांडी घासून उरलेलं पाणी वाटतं. सुट्टीवर आलेले शिपाई होडी मागत, नवरदेव होडी मागत. आमच्या लोकांनी समुद्र पाहिलेला असतो तो सिनेमात, आणि सिनेमात होडी असते. उस्ताद एवढंच म्हणत, "दुसरीकडे काढून घ्या." एकदा वरून आलेल्या कोणा साहेबाने झेंडा लावलेली आगबोट काढायचा हुकूम सोडला. दुसऱ्या दिवशी उस्ताद उजव्या हाताला पट्टी बांधून आले. पट्टी महिनोन्‌महिने सुटली नाही. साहेबाची बदली झाली आणि हात आपोआप बरा झाला. सेनेकेरिम म्हणाला, हा आजार मलाही शिकवा.

मलाही वाटे की हा म्हाताऱ्याचा तऱ्हेवाईकपणा आहे. खरं कारण मला त्यांच्या बायकोने, आघावनीमावशीने सांगितलं. उन्हाळ्यात आम्ही गाद्या उसवून लोकर धुतो आणि अंगणात काठीने झोडपतो. दोघी समोरासमोर बसून झोडपत होतो. मावशीचं तोंडही तिच्या काठीसारखंच चाले, सगळ्या आळीची लोकर ती एका बैठकीत पिंजून काढी. त्या दिवशी मात्र ती हळू बोलत होती.

उस्ताद मूळचे तुर्कस्तानातल्या त्रापिझोनचे, काळ्या समुद्राच्या काठचे. हे मला ठाऊक होतं. आमच्या गावच्या अनाथाश्रमात तशी हजारो पोरं वाढली, मावशी स्वतः तिथेच वाढलेली. पण पुढचं ठाऊक नव्हतं. एकोणीसशे पंधरा साली तुर्की शिपायांनी आर्मेनियन कुटुंबांना बंदरावर बोलावलं, दुसऱ्या गावी नेऊन सोडतो म्हणून होड्यांत बसवलं. ओन्निक पाच वर्षांचा, अंगात ताप. आईने त्याला शेजारच्या ग्रीक बाईकडे ठेवलं आणि मोठ्या बहिणीचा हात धरून ती गेली. ग्रीक बाईने त्याला माळ्यावर लपवलं. माळ्याला खिडकी होती. त्या खिडकीतून त्याने भरलेल्या होड्या रेघेपाशी जाताना पाहिल्या. आणि थोड्याच वेळात त्याच होड्या परत येताना पाहिल्या. कुठल्याही गावाला जाऊन यायला लागेल त्याच्या कितीतरी आधी. आत फक्त नावाडी, आणि होडी हलकी, पाण्यावर उंच आलेली. तो दिवसभर खिडकीत बसून राहिला, पुढच्या होडीत आई असेल म्हणून.

"त्याला आईचा चेहरा आठवत नाही," मावशी म्हणाली. "ताईचं नावसुद्धा त्याला नीट सांगता येत नाही. होड्या मात्र एकूण एक आठवतात. आता तूच सांग हायकुश, तो कशाला काढेल होडी?"

माझ्या हातातली काठी मी खाली ठेवली आणि चक्क रडले. मावशी म्हणाली, रड, पण लोकरीवर नको, परत ओली होईल.

सेनेकेरिमला मी सांगितलं. त्याने पुन्हा कधी होडीचं नाव काढलं नाही. उलट एखादा शिपाई हट्टाला पेटला की तोच म्हणे, "बाबा, तुला समुद्र पाहिजे की मासळीबाजार?"

स्वतः उस्ताद त्या पडद्यासमोर कधी उभे राहिले नाहीत. पाण्याकडे पाठ करणार नाही, म्हणत. मावशीने एकदा हट्टच धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूलबाळ नाही, निदान दोघांचा एक फोटो तरी असू दे. चांगला गळपट्टा घालून ती आली, उस्तादांनाही ओढून आणलं. दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, सेनेकेरिमने काळ्या कापडात डोकं घातलं, आणि नेमक्या त्या घटकेला उस्ताद बाजूला सरकले. फोटोत मावशी एका कडेला उभी, आणि तिच्या शेजारी नुसतं पाणी. ती आठवडाभर बोलली नाही. मग म्हणाली, "देवाने नवरा दिला, तोही अर्धा फोटो सोडून पळणारा." नेगेटिव्हवर मी तिच्या कपाळाची आठी पुसणार होते. तिने पुसू दिली नाही. त्याच्यामुळे पडली आहे, असू दे म्हणाली.

पुढे रंगीत फोटो आले. स्टुडिओत छापील पडदा लागला, निळंशार पाणी आणि नारळाची झाडं. उस्ताद घरी बसले. सेनेकेरिमही गेला, हृदयविकाराने. राखाडी समुद्र गुंडाळून मागच्या खोलीत उभा करून ठेवला, आणि गाव त्याला विसरलं.

मग डिसेंबरातला तो दिवस आला. धरणीकंपाविषयी मी फार सांगणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना कळणार नाही. माझा धाकटा भाऊ शाळेत शिकवत होता, तो वर्गासकट गेला. उस्तादांचं जुनं काळ्या दगडाचं बैठं घर भिंतींना भेगा पडून का होईना, उभं राहिलं. पण आघावनीमावशी त्या सकाळी एका मैत्रिणीला भेटायला नव्या उंच इमारतीत गेली होती. ढिगाऱ्यापाशी उस्ताद शेकोटी पेटवून बसले होते. तिसऱ्या दिवशी ती सापडली. चौकात शवपेट्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. त्यांतली एक उचलून आम्ही तिला घेऊन गेलो.

स्टुडिओची पुढची बाजू कोसळली, मागची खोली वाचली. तिथे नेगेटिव्हचे डबे होते. महिन्याभरात लोक माझ्याकडे यायला लागले. घराबरोबर घरातले फोटोही गेले होते, आणि कबरीवर चेहरा कोरायला काहीतरी हवं होतं. हायकुशमावशी, माझ्या मुलीचा शाळेतला फोटो असेल का? असला की मी छापून देई. पेन्सिल मात्र आता चालवत नसे. मस असेल तर मस राहू दे, ज्यांचं गेलं त्यांना तो मस हवा होता. नवे रंगीत फोटो बाहेरच्या खोलीत होते, ते सगळे मातीत गेले. उरले जुने, राखाडी समुद्राचे. दगड कोरणारे विचारत, मागचं पाणी काढून टाकू का? लोक म्हणत, जसं आहे तसंच राहू द्या. असा तो समुद्र कबरस्तानात गेला.

ईस्टरनंतरच्या मृतांच्या दिवशी मी उस्तादांना तिकडे घेऊन गेले. सगळीकडे धूप जळत होता, बायका दगड धूत होत्या. उस्तादांनी रांगेत आपलं पाणी पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले.

"हायकुश," ते म्हणाले, "बघ, मी यांना कुठे आणून उभं केलं."

मला त्यांचा रागच आला. मी म्हणाले, "उस्ताद, भुईने गिळलं यांना. तुमच्या पाण्याने कोणाचं वाईट केलेलं नाही. बघा तरी, एकाच्याही कमरेच्या वर पाणी आहे का?"

त्यांनी माझं बोलणं अगदी शब्दशः घेतलं. चष्मा लावून एकेका दगडापाशी गेले, वाकून रेघ बघत राहिले. थंडी वाढली, लोक घरी गेले, तरी त्यांचं संपेना. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाले, ठीक आहे.

आघावनीमावशीचा दगड वार्दगेसने करायला घेतला. हा आमच्या आळीतला, तिशी ओलांडलेला, त्याची बायको धरणीकंपात गेली होती. तेव्हापासून तो टोचा घेऊन दगडावर वाकलेलाच असे, वर मान केली तर घर आठवेल म्हणून. लहानपणी उस्तादांनी त्यालाही पेटीवर उभं केलं होतं. मावशीचा एकच फोटो होता, तो मी त्याला दिला. मजुरीचं विचारलं तर भांडायला उठला.

वर्षाचा दिवस आला. बर्फ पडून गेलं होतं. आम्ही पाच-सहा जणं, सोबत हलवा, पाव आणि तुतीची दारू. वार्दगेसने दगडावरचं कापड ओढलं. मावशी हुबेहूब उतरली होती, कपाळावरच्या आठीसकट. मागे समुद्र. आणि तिच्या शेजारी, पाण्यावर, एक होडी.

सगळे म्हणाले, वा, काय काम आहे. त्यांना काय ठाऊक? मी मात्र उस्तादांकडे बघितलं.

"होडी माझ्याकडून, काका," वार्दगेस म्हणाला. लाजला होता बिचारा. "मावशीच्या शेजारी जागा मोकळी दिसत होती, बरं वाटेना. दगडावर रिकामी जागा ठेवू नये म्हणतात. आणि समुद्र आहे म्हटल्यावर होडी पाहिजेच की."

उस्ताद जवळ गेले. हातमोजा काढून त्यांनी होडीवर बोट ठेवलं.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही, काका. रिकामी आहे."

उस्ताद शेजारच्या कबरीच्या कट्ट्यावर बसले. खाली बर्फ होतं, तरी तसेच बसले. मी वार्दगेसला बाजूला घेतलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्याला शिव्या खाल्लेल्या परवडल्या असत्या. तो धावतच परत गेला आणि त्यांच्या पायांशी बसला.

"काका, उद्याच्या उद्या काढून टाकतो. तेवढा भाग खोल घासतो आणि वरून लाटा ओढतो. तिथे होडी होती हे कोणाला कळणारसुद्धा नाही."

"नको," उस्ताद म्हणाले. "तिच्यावर लाटा ओढू नकोस."

त्यांनी वार्दगेसच्या खांद्यावर हात ठेवला.

"बुडवू नकोस बाबा. राहू दे."

मग रिवाज म्हणून आम्ही पेले भरले, थोडी दारू दगडापाशी सांडली, हलवा वाटला. उस्तादांनी हलवा हातात धरून ठेवला होता. निघताना म्हणाले, "हायकुश, माझा फोटो काढायचा आहे."

तेव्हा आम्ही सगळे लोखंडी डब्यांत राहत होतो, आगगाडीच्या मालडब्यासारख्या. उस्तादांचं भेगाळलेलं घरही सरकारने राहायला नालायक ठरवून बंद केलं होतं. त्यांच्या डब्यात स्टोव्ह, खाट आणि मावशीचा गळपट्टा. मी स्टुडिओतला वाचलेला जुना कॅमेरा नेला. कोळशाच्या खोक्यावर घोंगडी टाकून त्यांना बसवलं. त्यांनी सूट घातला होता. हात मांडीवर घ्या, मी म्हणाले. ते अंग चोरून, हात दोन्ही बाजूंना जरा लांब धरून बसले होते, विचित्र दिसत होतं.

"हात असेच असू देत," ते म्हणाले. "इकडे आई बसेल आणि इकडे ताई."

मी काळ्या कापडात डोकं घातलं होतं ते बरं झालं. काचेवर मला बराच वेळ काही नीट दिसेना. जन्म फोटो स्टुडिओत काढलेल्या बाईला त्या दिवशी "हसा" म्हणता आलं नाही.

फोटो धुऊन मी वार्दगेसकडे नेला. होडीत उस्तादांना बसवायचं, त्याला लगेच कळलं. पण त्या दोन बाजूंच्या जागांचं त्याला सुचेना. दोन बायका कोरतो म्हणाला, आमच्या आजीसारख्या, डोक्यावर रुमाल बांधलेल्या, चालेल ना? मी उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, चेहरे माझ्याकडे नाहीत, दुसऱ्या कोणाचे लावू नका. त्याला सांग, जागा ठेव.

उस्ताद त्या फेब्रुवारीत गेले, छातीत कफ साठून. दगड पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही. वार्दगेस शेवटचं विचारायला आला तेव्हा ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते आणि मी चहा करत होते. वार्दगेसने टोपी काढून हातात धरली. मावशी उभी आहे ती काठावर, तो म्हणाला, आणि होडी जरा आत आहे. तेव्हा काका, तोंड कुठे करू? समुद्राकडे की मावशीकडे?

उस्तादांनी विचार केला नाही. त्यांचं ठरलेलं होतं.

"आघावनीकडे," ते म्हणाले. "परत येतोय आम्ही."

वार्दगेसने मान हलवली, टोपी घातली आणि चहा न घेताच तो कामाला गेला.